मागच्या ॲपवर ढकललेला दोष

टॅब हळू चालतो अशी तक्रार धाराशिव जिल्ह्यात कुठेही करा, परंड्यात करा, उमरग्यात करा, कळंबच्या मोबाईलच्या दुकानात करा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मागचे ॲप बंद करत नाही का?" मग समोरचा माणूस टॅब हातात घेतो, चौकोनी बटण दाबतो, एकेक ॲप बोटाने वर उडवतो आणि "आता बघा" म्हणून परत देतो. शिक्षक मुलांना हेच सांगतात. बैठकीत अंगणवाडी सेविकांना हेच ऐकावे लागते. घरात मुलगा आईला हेच शिकवतो, आणि आई इमानाने रोज रात्री झोपण्याआधी सगळी ॲप उडवून मग टॅब चार्जिंगला लावते. या सल्ल्याचे कारण सहसा कुणी विचारत नाही. मला ते विचारायचे आहे, कारण माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे, त्याने बॅटरीचे आणि कामाचे नुकसान होते, आणि यंत्र कमी पडले की त्याचा ठपका ते वापरणाऱ्या बाईमाणसावर किंवा पोरावर ठेवण्याची सोय त्यातून होते.

आधी त्या चित्रांच्या रांगेचेच बघू. चौकोनी बटण दाबल्यावर दिसणारी चित्रे म्हणजे आत्ता चालू असलेली ॲप, असे बहुतेकांना वाटते. ती चालू ॲपची यादी नव्हे. तुम्ही अलीकडे काय काय उघडले होते, त्याची ती नोंद आहे. खात्री करायची असेल तर टॅब पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि काहीही न उघडता तीच रांग पुन्हा बघा. बहुतेक अँड्रॉइड टॅबवर आणि आयपॅडवर कालची रांग जशीच्या तशी हजर असते. यंत्र नुकतेच सुरू झालेले आहे, त्यातली बहुतेक ॲप अजून उघडलेलीच नाहीत, तरी त्यांची चित्रे आहेत. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. म्हणजे वीस चित्रे दिसली म्हणून वीस ॲप बॅटरी खात बसली आहेत, हा निष्कर्ष पहिल्याच पायरीवर गळून पडतो.

त्या रांगेतली काही ॲप मात्र खरोखरच मेमरीत राहिलेली असतात. त्यांचे काय? तुम्ही एक ॲप सोडून दुसऱ्यात गेलात की पहिल्याचे काम यंत्रणा थांबवते, पण ते लगेच पुसून टाकत नाही. परत आलात तर ते पटकन उघडावे म्हणून ठेवून देते. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये तर अशी ॲप गोठवलेली असतात. जागा अडवतात, पण प्रोसेसरला कामाला लावत नाहीत. नव्या ॲपला जागा कमी पडू लागली की यंत्रणा स्वतःच, कुणाला न विचारता, बराच वेळ न लागलेले ॲप सगळ्यात आधी मेमरीतून काढते. हे काम ती दिवसभर करत असते. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत गूगलने आणखी एक व्यवस्था आणली. टॅब बराच वेळ न हलवता पडून राहिला की सगळ्या ॲपची मागची कामे अडवायची आणि ठरावीक अंतराने थोडी उसंत द्यायची. २०१७ च्या आठव्या आवृत्तीने मागे राहून सतत काम करण्यावर मर्यादा घातल्या. २०१८ च्या नवव्या आवृत्तीत तुम्ही कोणते ॲप किती वेळा वापरता त्यावरून त्याचे गट पडू लागले, आणि जे क्वचित उघडता त्याला मागे काम करायची मुभा कमीत कमी मिळू लागली. ज्या कामासाठी आपण बोट झिजवतो ते यंत्र आपल्यापेक्षा चांगले करते, कारण कुठल्या ॲपने किती जागा घेतली आहे हे त्याला ठाऊक असते. आपल्याला फक्त चित्र दिसते.

आणि उडवण्याची किंमत असते. मेमरीत असलेले ॲप पुढे आणायला जेवढी शक्ती लागते, त्यापेक्षा ते मुळापासून उघडायला जास्त लागते. फाइली साठवणीतून पुन्हा वाचाव्या लागतात, लॉगिन तपासावे लागते, पान नेटवरून पुन्हा मागवावे लागते. भूमच्या खव्याच्या भट्टीवर कुणी दर कढईनंतर जाळ विझवून पुढच्या कढईला नव्याने पेटवत नाही, तसेच हे आहे. दिवसातून पंधरा वेळा लागणारे ॲप पंधरा वेळा उडवणारा माणूस बॅटरी वाचवत नाही, खर्च करतो.

हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. मार्च २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलचे टिम कुक यांना ईमेल करून विचारले होते की तुम्ही स्वतः ॲप वारंवार बंद करता का, आणि बॅटरीसाठी तसे करणे गरजेचे आहे का. उत्तर कंपनीचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी दिले. दोन्ही प्रश्नांना त्यांचे उत्तर 'नाही' असे होते. ॲप प्रतिसाद देत नसेल तरच ते बंद करावे, असे ॲपलच्या मदतपानावरही लिहिलेले आहे. अँड्रॉइडची रचना तपशिलात वेगळी असली तरी तिथेही ही जबाबदारी यंत्रणेचीच आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: मग कंपन्यांनीच 'सगळे बंद करा' हे बटण का दिले? बटण असणे हा ते रोज दाबण्याच्या गरजेचा पुरावा होत नाही. अडकलेले ॲप बाहेर काढायला आणि दुसऱ्याच्या हाती टॅब देताना आपली रांग पुसायला ते उपयोगी आहे, एवढेच. पण काही कंपन्या त्या बटणाखाली 'इतकी मेमरी मोकळी झाली' असा आकडा दाखवतात, आणि माणसाला वाटते की आपण काहीतरी कमावले. तो आकडा थोड्याच वेळात पुन्हा भरतो. भरलाच पाहिजे, मेमरी त्यासाठीच विकत घेतलेली असते.

त्या आकड्याच्या मोहावर एक आख्खा धंदा उभा राहिला. फोन स्वच्छ करणारी, वेग वाढवणारी, बॅटरी वाचवणारी ॲप. क्लीन मास्टर हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. गावोगावच्या दुकानांत नवा फोन घेतला की ते टाकून दिले जायचे. फेब्रुवारी २०२० मध्ये त्रासदायक जाहिरातींच्या कारणावरून गूगलने सुमारे सहाशे ॲप प्ले स्टोअरवरून काढली, त्यात हे ॲप करणाऱ्या चीता मोबाईलची ॲपही होती. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्या यादीत क्लीन मास्टर होते आणि बॅटरी वाचवण्याच्या नावाखालचे एक ॲपही होते. बंदीचे कारण देशाच्या सुरक्षेचे होते, वेगाचे नव्हे, हे मान्य. पण दुसऱ्यांना बंद करण्यासाठी स्वतः चोवीस तास मागे बसून राहणारे आणि मध्येच जाहिरात फेकणारे ॲप टॅब हलका कसा करणार, हा साधा प्रश्न तेव्हाही कुणी विचारत नव्हते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून तर एका साध्या ॲपला दुसऱ्या ॲपचे मागचे काम बंद करण्याची वाटच गूगलने काढून घेतली. आज 'बूस्टर' म्हणून जे टाकले जाते त्यातले पुष्कळसे नुसती फिरणारी चकती दाखवते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. "मला फरक पडतो. उडवले की टॅब हलका होतो." हा अनुभव मी खोटा ठरवत नाही. रांगेतल्या वीस ॲपपैकी एखादे खरोखरच बिघडलेले असते, प्रोसेसर धरून बसलेले असते. सगळी उडवली की त्यात तेही जाते, आणि श्रेय सगळ्यांना उडवण्याला मिळते. पण दुसऱ्या दिवशी तेच ॲप पुन्हा उघडले की तीच कथा. ते कोणते हे शोधायचे असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर जावे. कोणत्या ॲपने किती टक्के बॅटरी घेतली ते तिथे लिहिलेले असते. बहुतेक वेळा एकच दोषी सापडेल. त्याला अपडेट करा, त्याच्यावर मागे चालण्याचे बंधन घाला, नाहीतर काढून टाका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार आपण कशाला करायचा?

आता नुकसानीकडे येतो. शुद्ध अँड्रॉइडवर ॲप रांगेतून उडवणे आणि सेटिंगमध्ये जाऊन 'फोर्स स्टॉप' करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोर्स स्टॉप केलेले ॲप तुम्ही स्वतः पुन्हा उघडेपर्यंत सूचना देत नाही. पण काही स्वस्त फोन आणि टॅबवर कंपनीने यंत्रणेत असे बदल केलेले असतात की रांगेतून उडवलेले ॲपही जवळजवळ फोर्स स्टॉपसारखेच मरते. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते बघा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आपल्या जागेपासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजेची सूचना देते. मराठवाड्यात मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ते ॲप मागे जिवंत असले तरच ते आपण होऊन इशारा देऊ शकते. शेतात निघण्याआधी बॅटरी वाचावी म्हणून सगळी ॲप उडवणाऱ्या शेतकऱ्याने, त्याचा फोन अशा प्रकारचा असेल तर, आपला इशाराही उडवलेला असतो.

ई-पीक पाहणीचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली, आणि शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढून नोंद करायची, अशी पद्धत आली. बालाघाटाच्या उतारावर, खोलगट शिवारात रेंज जाते-येते. फोटो चढायला वेळ लागतो. माणसाला वाटते की ॲप अडकले, आणि सवयीने बोट वर जाते. अपलोड अर्धवट राहते. वेळेत पोचलेल्या नोंदीला काय मोल असते हे या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०२० च्या खरिपाच्या विम्याचा इथल्या शेतकऱ्यांचा वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला होता, आणि नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवले की नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. जिथे मुदत तासांत मोजली जाते तिथे चालू असलेले अपलोड मोडायला लावणारी सवय महागात पडते.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते अंगणवाडीबद्दल.

केंद्र सरकारचे पोषण ट्रॅकर १ मार्च २०२१ पासून आले. मुलांची हजेरी, वजन, उंची, गरोदर आणि स्तनदा मातांची नोंद, घरपोच आहार, सगळे सेविकेने त्यात भरायचे. महाराष्ट्रात सेविकांच्या हातात होते ते २०१९ मध्ये मिळालेले मोबाईल, २ जीबी रॅमचे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत करायला सुरुवात केली. फोन तापतात, हँग होतात, ॲप नीट चालत नाही, शिवाय ॲप इंग्रजीत आहे, अशी त्यांच्या संघटनांची तक्रार होती. आंदोलन म्हणून हा प्रकार वेगळा होता: मिळालेली वस्तू नको म्हणून परत करणाऱ्या बायका. मला त्यातली शिस्त फार मोलाची वाटते. त्यांनी काम नाकारले नव्हते. ज्या साधनाने काम होत नाही ते साधन त्यांनी नाकारले.

२ जीबी रॅमचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण "कमी रॅमच्या फोनवर तरी ॲप बंद केलेच पाहिजेत" हा माझ्या विरोधातला सर्वांत जोरकस युक्तिवाद आहे. या २ जीबीतला मोठा वाटा यंत्रणा स्वतःच घेते. उरलेल्यात एखादे जड ॲप आणि कॅमेरा एकाच वेळी मावताना मारामार होते. गूगलनेही अँड्रॉइड ११ पासून २ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या नव्या फोनांना हलकी 'गो' आवृत्तीच घालायला लावली, म्हणजे एवढ्या रॅमवर नेहमीची यंत्रणा झेपत नाही हे कंपनीने कबूल केले. अशा फोनवर मागचे ॲप टिकतच नाही. ते उडवायची गरज उरत नाही, कारण यंत्रणेने ते केव्हाच काढलेले असते. सेविका नोंद भरता भरता फोन घ्यायला गेली, परत आली, तर ॲप पुन्हा पहिल्या पानावर आलेले, भरलेली माहिती गेलेली. हे मागे ॲप राहिल्यामुळे होत नाही, ते मागे राहू न शकल्यामुळे होते. त्या बाईला "मागचे ॲप बंद करत जा" असे सांगणे म्हणजे तिच्या त्रासाचे कारण उलटे करून तिलाच परत देणे आहे.

आणि ती ते ऐकून घेते. धाराशिव जिल्हा, तेव्हाच्या नावाने उस्मानाबाद, २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या पहिल्या यादीत आला. त्या जिल्ह्यांच्या क्रमवारीत आरोग्य आणि पोषणाला तीस टक्के वजन होते. वरून आकडे मागितले जातात, खाली गावात एका खोलीत बसून ते भरले जातात. आकडा उशिरा आला की बैठकीत प्रश्न सेविकेला विचारला जातो. फोनची रॅम किती, साठवण किती उरली, ॲपची नवी आवृत्ती त्या फोनला झेपते का, हे प्रश्न कुणाला विचारले जात नाहीत, कारण त्यांची उत्तरे खरेदी करणाऱ्यांकडे आणि ॲप बनवणाऱ्यांकडे असतात. "ताई, तुम्हाला मोबाईल वापरता येत नाही" हे वाक्य त्यांच्यापैकी कुणालाच अडचणीत आणत नाही, म्हणून ते टिकून आहे. पुढे घरपोच आहारासाठी चेहरा ओळखण्याची अटही आली. म्हणजे कॅमेरा, नेट आणि ॲप, तिन्ही एकाच वेळी. यंत्रावरचा भार वाढत गेला आणि सल्ला मात्र तोच राहिला.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रीतीने घडते. नागपूरच्या महाज्योती संस्थेच्या योजनेतून इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी टॅब मिळतो, रोजचा ६ जीबी डेटा मिळतो. तुळजापूर किंवा लोहाऱ्याच्या वाडीतल्या मुलासाठी तो टॅब म्हणजे शिकवणीची खोलीच. वर्ग चालू असताना व्हिडिओ अडखळला की तो काय करतो? शिकवलेल्या सवयीने सगळे उडवतो, वर्ग पुन्हा उघडतो, पुन्हा लॉगिन करतो. पाच मिनिटे जातात आणि त्यात एक गणित निघून जाते. व्हिडिओ अडखळला होता रेंजमुळे. टॅबच्या मेमरीचा त्यात काही संबंध नव्हता.

टॅब खरोखर हळू होतो किंवा त्याची बॅटरी लवकर उतरते, ते बहुतेक वेळा तीन-चार साध्या कारणांनी. पहिले कारण साठवण. ३२ जीबीचा टॅब लग्नाच्या व्हिडिओंनी आणि शुभेच्छांच्या चित्रांनी काठोकाठ भरला की नवे लिहायला आत जागा राहत नाही, आणि स्वस्त टॅबमधली साठवण भरत आली की अधिकच मंदावते. रॅम आणि साठवण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'मेमरी फुल' म्हणून दोन्हीला एकच नाव पडल्यामुळे माणूस साठवण भरलेली असताना ॲप उडवत बसतो. दुसरे कारण ऊन. ॲपल आयपॅडसाठी शून्य ते पस्तीस अंशांचे हवामान योग्य मानते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत त्याहून कितीतरी जास्त तापमान असते, आणि त्यात टॅब चार्जिंगला लावून वर्ग बघितला की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम वेग कमी करते. तिथे कव्हर काढा, चार्जर काढा, सावलीत ठेवा. रेंजचे वर आलेच. कमजोर रेंज धरून ठेवण्यासाठी यंत्र जास्त शक्ती खर्च करते, म्हणून रेंज नसलेल्या शिवारात विमान मोड लावल्याने जेवढी बॅटरी वाचते तेवढी शंभर ॲप उडवूनही वाचणार नाही. आणि पडद्याचा उजेड. टॅबचा पडदा मोठा, त्याची भूक मोठी.

ॲप कधीच बंद करू नये, असे मी म्हणत नाही. ॲप अडकले, पडदा गोठला, तर तेवढे एक ॲप बंद करावे. नकाशाचा रस्ता संपल्यावरही सुरू असेल, लाइव्ह लोकेशन चालू राहिले असेल, गाणे किंवा डाउनलोड मागे चालले असेल, तर ते थांबवावे. अशी खरोखर काम करणारी ॲप लपून राहत नाहीत. वरून खाली ओढायच्या पट्टीत त्यांची सूचना दिसते, आणि २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून तिथेच चालू ॲपची खरी यादी आणि ती थांबवायचे बटण मिळते. मागचे काम बघायचे असेल तर ते तिथे बघावे. चौकोनी बटणाखालची चित्रे त्यासाठी नाहीत. आणि यूट्यूबवर बघून डेव्हलपर ऑप्शनमध्ये मागच्या कामांची मर्यादा शून्यावर आणून ठेवणाऱ्यांनी ती आजच पहिल्यासारखी करावी. त्यामुळे इशारे, मेसेज आणि अपलोड अडतात आणि कारण कळत नाही.

ज्यांच्या हातात काही ठरवायचे आहे त्यांच्याकडे माझी मागणी सरळ आहे. सेविकेला, शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला यंत्र देताना ते ज्या ॲपसाठी दिले आहे त्या ॲपला किती रॅम आणि किती साठवण लागते हे आधी ठरवावे, आणि पुढच्या तीन वर्षांत ते ॲप जड होणार हे गृहीत धरून खरेदी करावी. जिल्ह्यात आणि तालुक्यात प्रशिक्षण देताना पहिला तास साठवण कशी तपासायची, बॅटरीचे पान कसे वाचायचे आणि अपलोड पूर्ण झाले हे कसे ओळखायचे यासाठी ठेवावा. आढावा बैठकीत यंत्र अडले असे कुणी सांगितले तर त्या यंत्राची आवृत्ती, उरलेली जागा आणि गावातली रेंज लिहून घ्यावी, आणि ती नोंद वर पाठवावी. सेविकेचे बोट किती वेळा वर गेले, याची चौकशी त्या बैठकीत करू नये.